रक्ताच्या रिपोर्टमधली दुसरी ओळ

मंडळी, सीबीसीचा कागद हातात आला की आपली नजर आधी हिमोग्लोबिनवर जाते. आरबीसी काउंटची ओळ बहुतेक जण सोडूनच देतात. इथं चिकलठाण्यात, मिनी घाटीतला असो नाहीतर एमआयडीसीतल्या कंपनीच्या तपासणीतला, असा कागद कुणी आमच्यापुढं धरला की प्रश्न एकच असतो: ‘रक्त कमी आहे का?’ त्या सोडून दिलेल्या ओळीचा इतिहास आज पाहू. त्यातला मोठा भाग आपल्याच मुंबईत घडलाय.

तांबड्या पेशी पहिल्यांदा पद्धतशीर मोजल्या त्या 1852 मध्ये, जर्मनीत, कार्ल फिरोर्ट यांनी. पुढं चौकोन आखलेली काच आली. रक्त 200 पट पातळ करायचं, 80 बारीक चौकोनांतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या आणि आकडा 10,000 ने गुणायचा. 500 पेशी दिसल्या तर एका घन मिलिमीटरला 50 लाख. रिपोर्टमध्ये हेच 5.0 मिलियन असं छापतात. साधारणपणे पुरुषांत 45 ते 55 लाख, बायकांत 38 ते 48 लाख. लॅबनुसार थोडा फरक पडतो. आज हे काम मशीन करतं, आणि ते पेशीचा आकारही मोजतं. तो कागदावर एमसीव्ही म्हणून येतो, 80 ते 100 च्या दरम्यान असावा.

हा आकार का बघायचा, ते समजायला परळला जाऊ. 1928 मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या, हाफकिन संस्थेत. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग होत होता, त्याचं कारण शोधायचं होतं. त्यांच्या रक्तात पेशींची संख्या फारच कमी, पण एकेक पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठी. लोह कमी पडलं तर पेशी लहान होतात. इथं उलटं होतं! म्हणजे कमतरता दुसऱ्याच कशाची तरी होती. विल्सबाईंनी जंतूंचा संशय तपासून सोडला आणि आहाराकडे वळल्या. शेवटी गुण आला तो यीस्टच्या अर्कानं, मार्माइटनं. पाव-बिस्किटाला लावून खायची ती स्वस्त वस्तू! 1931 मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे फोलेट, हे नंतर कळलं. 1945 च्या सुमारास प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिड बनवणाऱ्या अमेरिकेतल्या गटाचे प्रमुख आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं.

आता दोन कागद शेजारी ठेवू. एकावर काउंट 2.4, हिमोग्लोबिन 9, एमसीव्ही 112. पेशी थोड्या पण मोठ्या, म्हणजे फोलेट किंवा बी-12 तपासायला हवं. (नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहून बी-12 ची कमतरता झाकली जाऊ शकते आणि नसांना इजा होत राहते, म्हणून दोन्ही तपासा.) दुसऱ्यावर काउंट 5.8, हिमोग्लोबिन 10.8, एमसीव्ही 62. पेशी भरपूर, पण लहान. लोहाच्या कमतरतेत सहसा काउंटही उतरतो. इथं तो चढलाय. अशा वेळी थॅलेसेमिया मायनरचा संशय घेतात. या माणसाला आयर्नच्या गोळ्या वर्षानुवर्षं दिल्या तरी हिमोग्लोबिन हलत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘नीट जेवत नाही.’

या दुसऱ्या माणसाला स्वतःला फारसा त्रास नसतो. पण नवरा-बायको दोघंही असेच असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. त्या बाळाला जन्मभर रक्त चढवावं लागतं. निदान पक्कं करायला हिमोग्लोबिन ए-2 ची तपासणी आहे. ती लग्नाआधी, नाहीतर गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला झालेली बरी.

मागून चिठ्ठी आलीय, गरोदरपणात काउंट थोडा उतरतोच का? हो, उतरतो. रक्तातलं पाणी पेशींपेक्षा जास्त वाढतं, त्यामुळं रक्त पातळ होतं. पण तेवढ्यानं पेशीचा आकार 112 होत नाही.

पुढची चिठ्ठी घेऊ.