टॉमहॉकचा दांडा

मंडळी, तुमच्या घरचा टिकाव आठवा. दांड्याचे बारीक टोक वरून नेढ्यात घालायचे; मग घाव घालावा तसतसे नेढे दांड्याच्या जाड टोकाकडे सरकून गच्च बसते. पाचर लागत नाही. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची टॉमहॉक नावाची हातकुऱ्हाड पुष्कळदा अशीच बसवलेली असे. दांडा मोडला, तर तुकडा ठोकून काढावा आणि रानातले दुसरे लाकूड तासून बसवावे. तेवढे कोणालाही जमे.

पण पाते? ते सतराव्या शतकापासून युरोपी व्यापारी कातड्यांच्या बदल्यात देऊ लागले. लोहार लोखंडाची पट्टी दुमडून नेढे करी, आणि दोन्ही टोकांमध्ये पोलादाचा तुकडा ठेवून, पांढरे होईपर्यंत तापवून, ठोकून सांधी. पोलाद महाग, म्हणून धारेपुरतेच! मऊ लोखंड मार सोसी, पोलाद धार राखी. पोलाद नसले तर धार वळे. पाणी जास्त कडक बसले तर कपची उडे. सांधा कच्चा राहिला, तर सगळेच फुकट.

आणि हे काम रानात होण्यासारखे नव्हते. त्याला भाता हवा, ऐरण हवी. १८३७ साली ओजिब्वे लोकांचा मोठा मुलूख अमेरिकन सरकारकडे गेला. त्या करारात तीन लोहारशाळांसाठी वीस वर्षे दरसाल ३,००० डॉलर लिहिलेले आहेत. लोहार, लोखंड आणि पोलाद. पोलादाचा उल्लेख वेगळा केलेला आहे.