बोरीबंदरचा मोर आणि पिंगुळीची पोथी

गेल्या महिन्यात मुलीकडे मुंबईला गेलो होतो. कुडाळहून कोकणकन्या पकडली की पहाटे सीएसएमटी. जावई न्यायला येणार होते, त्यांना उशीर झाला. तोवर चांगले उजाडले आणि मी रस्त्यापलीकडे उभा राहून ती इमारत पहिल्यांदाच सावकाश पाहिली. आजवर तिथे शेकडो वेळा गेलो असेन, पण लक्ष कायम सामानाकडे आणि घड्याळाकडे!

वर पाहिले तर दगडात पिसारा फुलवलेला मोर. कुठे माकड, कुठे घुबड, पानाफुलांच्या तर वेलीच वेली. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. एक इंग्लंडचा, एक आपला. घुमटाच्या टोकावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती'. एखाद्या संग्रहालयात शोभावे असे हे सगळे, पण तिकीट फक्त लोकलचे.

शाळेत मी वर्षानुवर्षे शिकवले, "1853 साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. पुढे 1878 ते 1888 या काळात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने व्हिक्टोरिया टर्मिनस बांधले." एकदा मागच्या बाकावरच्या एका पोराने विचारले, "गुरुजी, एवढा सगळा एकट्यान केल्यान?" वर्ग हसला. मीही हसलो आणि धडा पुढे नेला. त्या सकाळी ते पोर आठवले. प्रश्न त्याचा बरोबर होता, उत्तर द्यायचे मीच टाळले होते.

आराखडा स्टीव्हन्सचा, हे खरे. पण नक्षीकामाचा मोठा भाग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी केला. जॉन ग्रिफिथ्स हे त्यांचे शिक्षक. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेणारे ते हेच. म्हणजे आपल्याकडच्या पोरांचे हात त्या दगडांना लागले आहेत. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे कोरले आहेत, त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि आपले नाना शंकरशेट आहेत. जमशेटजी 1859 साली गेले, नाना 1865 साली. दोघांनीही ही इमारत पाहिली नाही, पण चेहरे राहिले. छिन्नी चालवणाऱ्या पोरांचे चेहरे सोडाच, नावेही सामान्य प्रवाशाला ठाऊक नाहीत.

राणीचा पुतळाही तिथे होता, तो स्वातंत्र्यानंतर काढला गेला. 1996 साली स्थानकाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, 2004 साली युनेस्कोने इमारत जागतिक वारशात घेतली. राज्ये बदलली, पाट्या बदलल्या. मोर मात्र कुणालाच खटकला नाही. तो आपलाच होता ना!

परतताना मनात पिंगुळी घोळत होती. आमच्या कुडाळच्या अगदी शेजारचे गाव. तिथले ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातली आख्याने चित्रांवर रंगवतात. एका आख्यानाच्या चित्रांचा जुडगा म्हणजे पोथी. देवळात बसायचे, एकेक चित्र पुढे धरायचे आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने कथा गायची. त्यांना सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता, पण ऐकायला बसलेला असायचा तो शेतावरून आलेला माणूस. इथेही तिकीट नाही, आणि जुन्या चित्रांखाली रंगवणाऱ्याची सहीही नाही.

2021 साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्हा कुडाळकरांची छाती फुगली. मला आनंद झाला तो आणखी एका कारणाने. इतक्या पिढ्यांच्या निनावी कामावर अखेर एक नाव चढले.

हल्ली ठिकठिकाणी स्थानके, पूल, शाळांच्या भिंती रंगवतात. चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर गांधीजींचे भले थोरले चित्र झाले. चांगलेच आहे. उद्घाटन कुणी केले याची संगमरवरी पाटी तर बसतेच. माझे म्हणणे एवढेच, की शेजारी एका ओळीत रंगवणाऱ्यांची नावेही लिहा. सगळ्यांची, अगदी परांचीवर चढून रंगाचा डबा धरणाऱ्याचेही.

आणि मागच्या बाकावरच्या त्या बाळा, आता तू पन्नाशीला टेकला असशील. उत्तर उशिरा देतोय. नाही रे, एकट्यान नाय केल्यान.