काळे पाणी पाहून आले

आपल्या मंडळाच्या चिटणीस बाईंनी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून तीनदा निरोप धाडला, तेव्हा मी त्यांना अनारशांची कृती देऊ केली. त्या म्हणाल्या, "कृती पुष्कळ आल्या आहेत. तुम्ही अंदमानला जाऊन आलात ना, त्याचे लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हात लिहिण्यापेक्षा लाटण्याला सरावलेला. तरी जे डोळ्यांनी पाहिले आणि परत आल्यावर पुस्तके मागून आणून वाचले, ते आपणा भगिनींपुढे ठेवते. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या घरचे मँगनीजच्या खाणीत नोकरीला. त्यांना प्रवासाची सवलत मिळाली म्हणून २०२४ च्या डिसेंबरात आम्ही उभयता व दोन्ही मुले निघालो. ही बातमी सासूबाईंना सांगितली तर त्या हातातले सूप खाली ठेवून म्हणाल्या, "काऱ्या पान्याले लोकाईले बेड्या घालून नेत होते वो बाई! अन् तुम्ही पैसे देऊन चालले?" आम्ही सारे हसलो. पण त्यांचे ते बोलणे तुमसर रोडला गाडीत बसल्यापासून माझ्या कानात राहिले, आणि पुढे दहा दिवस गेले नाही.

कलकत्त्याहून विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात. आगबोटीने गेले तर तीन-चार दिवस. वरून पाहिले तर निळ्या समुद्रात हिरव्या गवताच्या पेंढ्या टाकल्यासारखी बेटे दिसतात. ही बेटे म्हणजे समुद्रात बुडालेल्या एका लांबलचक डोंगररांगेची शिखरे होत. ब्रह्मदेशातील आराकानचे डोंगर समुद्रात शिरतात, ते अंदमान-निकोबाराच्या रूपाने मधूनमधून डोके वर काढीत सुमात्रापर्यंत जातात. आपल्या नाकाडोंगरीच्या आजूबाजूच्या टेकड्या गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या तर जसे दिसेल तसेच काहीसे. बेटे लहानमोठी मिळून ८३६ मोजली आहेत, परंतु माणसांची वस्ती फार थोड्यांवर आहे. बॅरन नावाच्या बेटावर भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी आहे. सर्वांत नवल वाटले ते दिवस बुडण्याचे. बेटे फार पूर्वेला, पण घड्याळ आपलेच. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. चहा ठेवावा तर अंधार, अशी गंमत!

इंग्रजांनी येथे पहिली वसाहत १७८९ साली केली. आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्याने ती वसविली, म्हणून गावाला पोर्ट ब्लेअर नाव पडले. २०२४ च्या सप्टेंबरात ते बदलून श्री विजयपुरम झाले. तापाने माणसे पटापट मेल्यामुळे ती पहिली वसाहत १७९६ मध्ये मोडली. पुढे १८५७ चे बंड झाले. एवढे बंदिवान ठेवायचे कुठे, हा प्रश्न पडला तेव्हा सरकारला या बेटांची पुन्हा आठवण झाली. १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर २०० कैदी घेऊन उतरला. जंगल तोडायचे, दलदल भरायची, आणि पळालात तर भोवती समुद्र. तरीही लोक पळाले. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने फासावर चढविले.

इतके सगळे कोणत्याही मार्गदर्शकाकडून ऐकायला मिळते. परंतु भगिनींनो, या बेटांवर बायकाही पाठविल्या गेल्या होत्या, हे तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहे? मला ठाऊक नव्हते. बायकांचा तुरुंग वेगळा होता, साउथ पॉइंट नावाच्या टोकाला. तेथे आलेल्यांपैकी पुष्कळ जणी नवऱ्याच्या किंवा तान्ह्या मुलाच्या खुनाच्या आरोपाखाली आलेल्या. तान्ह्या मुलाच्या म्हटल्यावर अंगावर काटा येतो. पण त्यांतल्या कितीक तरुण विधवा होत्या, ज्यांना समाज पुन्हा लग्न करू देत नव्हता आणि दिवस गेले तर जगूही देत नव्हता. त्या मुलाचा बाप मात्र गावातच राहत असे, पंगतीला बसत असे.

याच संदर्भात आपल्या विदर्भाची एक थोर बाई आठवते. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अशाच आरोपावरून फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेप काळ्या पाण्याची झाली आणि शेवटी पाच वर्षांवर आली. त्या खटल्यावरून वर्तमानपत्रांत बायकांवर जी चिखलफेक झाली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे संतापल्या आणि १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. त्या काळी बाईने पुस्तक लिहिणे हेच मोठे, त्यात पुरुषांना असा जाब विचारणे! आपल्या वाचनालयात ते पुस्तक असावे अशी माझी चिटणीस बाईंना विनंती आहे.

अंदमानात त्या बायकांचे पुढे काय होई? काही वर्षे नीट वागल्या तर लग्नाची परवानगी मिळे. ज्या पुरुष कैद्यांना तुरुंगाबाहेर राहून स्वतः कमावून खाण्याची मुभा मिळालेली असे, ते बायकांच्या तुरुंगात येत. बायका ओळीने उभ्या राहत आणि त्यांनी निवड करायची. मग साहेबाची मंजुरी. आपल्याकडे मुलगी दाखविताना चहा-पोह्यांचे ताट हाती घेऊन जावे लागते, त्यालाच आपण किती कुरकुरतो! परंतु एका गोष्टीचा विचार मी पुष्कळ केला. ज्या विधवेला गावात दुसरा संसार मांडणे पाप होते, तिला तो काळ्या पाण्यावर मांडता आला. शिक्षा म्हणावी की सुटका, मला ठरविता आले नाही. नवरा पंजाबचा, बायको मद्रासकडची, शेजारी बंगाली, असे संसार झाले. जातपात तेथे फारशी टिकली नाही, मुले हिंदुस्थानी बोलू लागली. त्यांच्या वंशजांना आजही तेथे 'लोकल बॉर्न' म्हणतात. आमच्या गाडीचा चालक त्यांतलाच. आपली खापरपणजी कुठली, कशासाठी आली, हे त्याला माहीत नव्हते. घरात कोणी सांगितलेच नाही, म्हणाला.

आणि ज्या मागे राहिल्या त्या? कैद्यांच्या बायकांना तिकडे आणण्याचाही सरकारने प्रयत्न केला, पण गेल्या फार थोड्या. समुद्र ओलांडला की जात गेली, ही भीती होती.

सेल्युलर जेल १८९६ ते १९०६ या काळात बांधले. सायकलच्या चाकाला आऱ्या असाव्यात तशा मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती निघत. त्यांतल्या तीनच आता उरल्या आहेत. कोठड्या ६९३. एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोर माणूस दिसूच नये. मी एका कोठडीत जाऊन हात पसरून पाहिले. साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि झरोका इतका उंच की त्यातून आभाळाचा तुकडा तेवढा दिसतो. अंगणात कोलू ठेवला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढून घेत. आमचा धाकटा त्या कोलूला हात लावून एकदम गप्प झाला.

याच जेलात बाबाराव आणि विनायकराव हे सावरकर बंधू होते. बाबारावांना १९०९ साली जन्मठेप झाली आणि मालमत्ता जप्त झाली. विनायकराव ४ जुलै १९११ रोजी पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन येथे आले. दोघांना १९२१ मध्ये हिंदुस्थानात परत आणले. 'माझी जन्मठेप' आपण बऱ्याच जणींनी वाचले असेल. परंतु मला जेलात उभे असताना बाबारावांच्या पत्नीची, येसूवहिनींची आठवण आली. नाशकात त्यांनी बायकांचा 'आत्मनिष्ठ युवती संघ' काढला होता, म्हणजे आपल्यासारखेच एक मंडळ म्हणा ना. स्वदेशी वस्तू वापरायची शपथ घेत. पुढे घर गेले, भांडीकुंडी गेली, मूल नाही, नवरा काळ्या पाण्यावर. दहा वर्षे त्या एका भेटीची परवानगी मागत राहिल्या. १९१९ साली परवानगी आली, तेव्हा येसूवहिनी काही दिवसांपूर्वीच वारल्या होत्या. त्या वर्षी धाकटे दीर नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी माई भेटीला गेले.

माझ्या आईची एक आत्या होती. तिचा नवरा गुन्हेगार नव्हता, पुढारी नव्हता. कमाईसाठी आसामच्या चहामळ्यावर गेला तो परतलाच नाही. जिवंत आहे की नाही ते कळले नाही, म्हणून ती शेवटपर्यंत कुंकू लावीत राहिली. लहानपणी मी तिला विचारले होते, "तुझा नवरा कुठे आहे?" ती म्हणाली, "पान्याच्या पल्याड." आसाम काही समुद्रापार नाही. पण न परतणाऱ्या माणसाचा मुलूख म्हणजे पाण्यापलीकडचाच, असे तिच्या मनात असावे.

बाकीचे थोडक्यात सांगते. १९४२ ते १९४५ बेटे जपान्यांच्या ताब्यात होती. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजींनी तेथे तिरंगा फडकविला, आणि त्यानंतर महिनाभरातच जपान्यांनी हेरगिरीच्या संशयावरून ४४ निरपराध माणसांना गोळ्या घातल्या. फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित येथे वसविले. शहीद द्वीपावर त्यांची भातशेती पाहून आपल्याच मुलखात आल्यासारखे वाटले. एका बांधावर मी उगाच जरा बसले. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने निकोबारात हजारो बळी घेतले. आणि मूळचे अंदमानी लोक, ज्यांची ही बेटे, ते गोऱ्यांच्या वसाहतीबरोबर आलेल्या रोगांनी असे खचले की ग्रेट अंदमानी जमातीची माणसे आज शंभराच्याही आत आहेत. जारवांच्या जंगलातून गाडी जाते, पण त्यांचे फोटो काढण्यास मनाई आहे. तरी लोक काचेला नाक लावून पाहतात. मीही पाहिले, आणि मग मान वळविली.

समुद्रकिनारा सुंदर आहेच. राधानगरची वाळू पिठासारखी मऊ, पाणी तळ दिसेल असे स्वच्छ. मुले बाहेर निघायला तयार होईनात. आमच्या घरच्यांनी चौपन्नाव्या वर्षी पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून लाटांत उड्या मारल्या, हे लिहू नको म्हणाले आहेत.

शेवटच्या दिवशी मी मार्गदर्शकाला विचारले, बायकांचा तुरुंग कुठे होता, तेथे नेता का? तो म्हणाला, "मॅडम, उधर कोई नहीं जाता. अपने प्रोग्राम में नहीं है." किनाऱ्यावरून त्याने हाताने दिशा दाखविली. मी त्या बाजूला तोंड करून नमस्कार केला.

घरी पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. सासूबाई दारात बसून होत्या. त्यांनी आम्हा चौघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले, आणि आत घेण्यापूर्वी बोट दाखवीत एक, दोन, तीन, चार असे मोजले.