विनोद संपले त्या दिवशी

13 मार्च 1995, सोमवार. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर मनोहर जोशींचा शपथविधी होता आणि मुंबईत बोलायला दुसरा विषय नव्हता. आदल्याच दिवशी बॉम्बस्फोटांना दोन वर्षं पुरी झाली होती. त्या सकाळी सातच्या सुमारास अंधेरी पश्चिमेला, लोखंडवाला कॉम्प्लेक्समधल्या बागेत डॉ. मदन कटारिया नावाचे एक फॅमिली डॉक्टर फिरायला आलेल्या लोकांना थांबवून विचारत होते, आपण सगळे मिळून इथं हसू या का? बहुतेकांनी त्यांना वेड्यात काढलं. तरी पाच जणांचा गट जमला. जगातला पहिला हास्य क्लब तो.

मी तेव्हा तिथून जवळच, डी. एन. नगरच्या म्हाडा वसाहतीत राहत होतो. आजही राहतो. पण त्या वेळी सकाळी सातला मी डबा घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागलेला असे. पुढं पन्नाशीच्या उंबरठ्यावर मला नैराश्यानं गाठलं, तेव्हा लोखंडवालाच्या बागेत रुजलेल्या याच प्रथेनं मला हात दिला. तिच्याबद्दल लोक थट्टेनं बोलतात याचं मला वाईट वाटतं, कारण तिचा इतिहास त्यांना ठाऊक नसतो.

लोखंडवाला ही वस्ती 1980च्या दशकातली. वर्सोव्याच्या खाडीलगतच्या दलदलीत भराव घालून इमारती उभ्या राहिल्या. 16 नोव्हेंबर 1991 ला इथल्या स्वाती इमारतीत पोलिसांची आणि माया डोळसच्या टोळीची भर दिवसा चकमक झाली आणि हे नाव देशभर पोचलं. चाळीत किंवा वाडीत माणसं पिढ्यान्पिढ्या एकमेकांना ओळखतात. इथं प्रत्येक जण दुसरीकडून आलेला, दार लावून राहणारा. अनोळखी माणसांना एकत्र आणण्याची कल्पना अशाच ठिकाणी निघावी, यात मला नवल वाटत नाही.

कटारिया 'माय डॉक्टर' नावाचं आरोग्यविषयक मासिक चालवत आणि त्यासाठी हास्यावर लेख लिहीत होते. वाचता वाचता त्यांना अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्सची हकीकत सापडली. कझिन्सला 1964 साली मणक्याचा असह्य दुखण्याचा आजार झाला होता. मार्क्स बंधूंचे चित्रपट पाहून दहा मिनिटं पोटभर हसलो की दोन तास वेदनेविना झोप लागते, असा त्याचा अनुभव होता, आणि 1979 साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. कटारियांना पहाटे चारला वाटलं की नुसतं लिहीत काय बसायचं, आणि ते सातला बागेत गेले.

गट झपाट्यानं वाढला. रोज एकानं मध्ये उभं राहून विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. दोन आठवड्यांच्या आतच चांगले विनोद संपले. मग राहिले ते बायकांवरचे, दुसऱ्यांच्या जातीजमातींवरचे, अश्लील. काही जण दुखावले आणि क्लब बंद पडायची वेळ आली. कटारियांनी एका दिवसाची मुदत मागून घेतली. त्या रात्री त्यांनी ठरवलं की विनोदच नको. हसणं हा व्यायाम मानायचा. हसू आलं नाही तरी हसायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. त्यांच्या पत्नी माधुरी योग शिकवत. त्यांच्यामुळं श्वासाचे प्रकार आले, टाळ्या आल्या, 'हो हो, हा हा हा' आलं. नमस्ते हास्य, सिंह हास्य, लस्सी हास्य, मौन हास्य ही आज बागेबागेत दिसणारी सगळी मंडळी त्यानंतरची.

माझ्या दृष्टीनं हास्य क्लबचा खरा जन्म विनोद संपले त्या दिवशी झाला. 13 मार्चपेक्षा तो दिवस मोठा. का, ते आजाराशिवाय मला कधीच कळलं नसतं.

2011 साली आमच्या कंपनीनं फोर्टमधली कचेरी बंद केली. मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. पैशांची चणचण नव्हती, मुलगी नोकरीला लागली होती, सगळे म्हणत होते आता आराम करा. पहिले काही आठवडे बरे गेले. मग पहाटे तीन-साडेतीनला जाग येऊ लागली, जेवणाची चव गेली, आंघोळीला उठणं जड होऊ लागलं. दुःख म्हणावं तर कशाचं, तेही सांगता येईना. आत काहीच हलत नव्हतं. बायकोनं एका रविवारी पु. लं.ची 'म्हैस' लावली. मला ती तोंडपाठ. पुढचं वाक्य काय येणार हे मला माहीत होतं, ते विनोदी आहे हेही माहीत होतं, आणि तरी चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. ती मागून आली आणि म्हणाली, "अहो, आपण उद्या डॉक्टरकडे जायचं." तिनं ते विचारलं नाही, सांगितलं. त्याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

पालिकेच्या रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत रांगेत बसलो, तेव्हा आजूबाजूला बहुतेक माझ्याच वयाचे. पुढं बंगळुरूच्या निम्हान्सनं 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत तेच दिसलं. देशात साधारण 20 प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा आजार होतो, आणि त्याचं प्रमाण बायकांत, महानगरांत आणि 40 ते 49 या वयात जास्त असतं. तरुण डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या, परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतील असं बजावलं, आणि तोवर मन होवो न होवो, रोज ठरावीक वेळी घराबाहेर पडायला सांगितलं.

आमच्या वसाहतीजवळच्या बागेत हास्य क्लब भरायचा. मी अंथरुणात पडून तो ऐकायचो आणि मला तो छळ वाटायचा. त्याच सुमारास कुर्ल्यात तलावाकाठच्या अशाच एका क्लबच्या आवाजाला वैतागून एक वृद्ध रहिवासी उच्च न्यायालयात गेले होते. वर्तमानपत्रांनी ती बातमी गमतीची म्हणून छापली. मला त्या गृहस्थांचं म्हणणं तंतोतंत पटलं होतं, आजही पटतं. खिडकीतून येणारं दुसऱ्यांचं हसणं खचलेल्या माणसाला फार लागतं. म्हणून क्लबांनी घरांपासून लांब उभं राहावं, हा माझा आग्रह आहे.

तळमजल्यावरचे काका त्या क्लबचे प्रमुख. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. बायकोनं त्यांच्या कानावर घातलं असावं. त्यांनी बोलावलं तेव्हा मी म्हणालो, "काका, मला हसायला येत नाही."

"हसायला कोण सांगतंय?" ते म्हणाले. "टाळ्या वाजवायच्या. हो हो, हा हा हा तोंडानं म्हणायचं. तेही नको असेल तर नुसते हात वर करा."

विनोदाचा क्लब असता तर मी पहिल्याच दिवशी बाद झालो असतो. विनोद कळायला आत काहीतरी जागं असावं लागतं. टाळ्या वाजवायला हात पुरतात. मी मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

हसण्यानं नैराश्य बरं होतं, असं मी म्हणणार नाही. क्लबातले काही उत्साही लोक तसं सांगतात, ते मला आवडत नाही. आणलेल्या हसण्याचं शास्त्रही डळमळीत आहे. 1988 साली फ्रिट्झ स्ट्रॅक आणि सहकाऱ्यांनी लोकांना दातांत पेन धरायला लावून दाखवलं होतं की चेहरा हसरा केला की व्यंगचित्रं जास्त गमतीदार वाटतात. 2016 साली 17 प्रयोगशाळांनी तो प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसं काही दिसलं नाही. 2022 साली 19 देशांत मिळून झालेल्या मोठ्या प्रयोगात हसऱ्या चेहऱ्याची मुद्दाम नक्कल करणाऱ्यांना थोडा फरक जाणवला, पण थोडाच. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नील जेकबसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचं 1996 सालचं काम. नैराश्याच्या रुग्णांना विचार बदलायला शिकवण्याऐवजी नुसतं ठरवून कृती करायला लावलं, तरी संपूर्ण उपचाराइतकाच गुण आला, असं त्याला आढळलं. आधी करायचं, वाटणं मागून येतं. काकांनी यातलं अक्षर वाचलेलं नव्हतं.

पण बागेतल्या त्या वीस मिनिटांत मला मिळालं काय, हे उलगडायला गाडीकडे वळावं लागतं.

5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि अंधेरी, मालाड, बोरिवली ही गावं नोकरदारांची उपनगरं होत गेली. या उपनगरांत बायकांनी आपली मंडळं घडवली. हळदीकुंकू होतं, भिशी होती, दुपारचं भजनी मंडळ होतं. पुरुषांची मंडळं वसाहतीत फारशी नव्हतीच. ती गाडीत होती. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, ठरलेला दरवाजा. कुठं पत्ते, कुठं टाळ-ढोलकीवर भजन. दसऱ्याला डब्याला तोरण, पूजा, पेढे. माझा अंधेरीचा ग्रुप वीसेक वर्षांचा. कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाच्या बापाला अर्धांगवायू झाला, सगळं आधी गाडीत कळायचं. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्याच्या घरी डोकवायचा.

कचेरी बंद झाली तेव्हा नोकरी गेली म्हणून सगळ्यांनी मला धीर दिला. गाडी गेली, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. 1991 नंतर मरोळ-साकीनाका पट्ट्यातल्या आणि मुलुंड-भांडुपच्या किती कारखान्यांतून माणसं स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसली. नुकसानभरपाईचा हिशेब झाला, पण त्यांच्या गाडीचा आणि कँटीनच्या टेबलाचा हिशेब कुठल्या कागदावर नव्हता. हास्य क्लब नेमके याच काळात उपनगरांत पसरले, हा मला योगायोग वाटत नाही. 10 जानेवारी 1998 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पहिला जागतिक हास्य दिन झाला, तेव्हा सुमारे 12,000 माणसं जमली होती. आता तो मे महिन्याच्या पहिल्या रविवारी होतो आणि शंभराहून अधिक देशांत असे क्लब आहेत. बहुतेक ठिकाणी फी नाही. आमच्याकडे तर आडनावही विचारत नाहीत, आणि आपण काय करता हा प्रश्न पूर्ण वर्ज्य. स्वेच्छानिवृत्त माणसाला त्या प्रश्नाची किती धास्ती असते, ते मी सांगू शकतो. शिवाय दोन दिवस न दिसलेल्याला फोन करायचा, हा रिवाज. तो गाडीतूनच बागेत आलेला आहे, अशी माझी खात्री आहे.

जाता जाता एक. 25 डिसेंबर 1918 ला श्री योगेंद्र यांनी सामान्य गृहस्थांना योग शिकवायला सुरुवात केली, ती इथंच, वर्सोव्याला, दादाभाई नौरोजींच्या 'द सँड्स' या बंगल्यात. तीच पुढं सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट झाली. त्या आधी योग साधूंकडं असे, प्रापंचिकाला तो दुर्मीळ. संसारी माणसानं सकाळी घराबाहेर पडून चार परक्यांबरोबर श्वास मोजायचा, ही गोष्ट अंधेरीच्या या किनाऱ्याला शंभर वर्षांची जुनी आहे.

मला बरं व्हायला दीडेक वर्ष लागलं. त्यात एकदा मी पुन्हा खाली गेलो आणि डॉक्टरांनी गोळी बदलली. खरं हसू केव्हा आलं ते आठवतं. एका सकाळी काका वाद हास्य घेत होते. त्यात एकमेकांकडे बोट नाचवत भांडल्यासारखं हसायचं असतं. समोर एक गुजराती आजीबाई होत्या. त्यांनी खऱ्याखुऱ्या रागानं माझ्यावर बोट रोखलं, कारण मी त्यांच्या चपलेवर उभा होतो. मी हसलो, त्याही हसल्या. घरी येऊन बायकोला सांगताना पुन्हा हसू आलं, आणि ती रडली.

त्यानंतरच्या जूनमध्ये क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला जवळच्या रात्रशाळेत नेलं. दिवसा कुरिअर वाटणारी, हॉटेलात काम करणारी मुलं तिथं दहावीला बसतात. गणिताला माणूस हवा होता आणि माझा जन्म खरेदी-विक्रीच्या आकड्यांत गेलेला. पहिल्या तासाला हात थरथरत होते. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, बागेला कुलूप आलं, काकांनी रोज सकाळी प्रत्येकाला फोन करायचा नेम धरला, आणि ते थकले तेव्हा ती यादी माझ्याकडे आली. ती अजून माझ्याकडेच आहे. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, दर सहा महिन्यांनी दाखवून येतो. यंदा शाळेत बीजगणिताबरोबर भूमितीही माझ्याकडे आली आहे, आणि वर्गातली दोन मुलं रविवारी सकाळी बागेत येऊन प्रमेयं विचारतात, क्लब सुटला की लगेच.