पीएसपी, गेमबॉयचे गेम कॉम्प्युटरवर खेळायचेत? इम्युलेटर असा निवडा

मी कागल पंचतारांकित एमआयडीसीत कामाला आहे. इथं रूम करून राहणारी बरीच पोरं सेकंडहँड लॅपटॉप घेतात आणि विचारतात, "दादा, यावर बेस्ट इम्युलेटर कुठला?" माझा उलटा प्रश्न असतो : गेम कुठल्या कन्सोलचा आहे?

इम्युलेटर म्हणजे कन्सोलच्या चिपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर. नक्कल करायला मूळ चिपच्या कितीतरी पट ताकद लागते. २००१ च्या गेमबॉय ॲडव्हान्सची चिप जेमतेम १७ मेगाहर्ट्झची, त्यामुळे जुना लॅपटॉपही तिला पुरून उरतो. एमजीबीए टाका, विषय संपला. निंटेंडो डीएसला दोन स्क्रीन होत्या, खालची टचची. त्यासाठी मेलनडीएस घ्या. दोन्ही स्क्रीन शेजारी-शेजारी लावता येतात, टचचं काम माऊस करतो.

पीएसपीची चिप ३३३ मेगाहर्ट्झची, म्हणजे इथं लॅपटॉपचा कस लागतो. पण पीपीएसएसपीपी २०१२ पासून सुधारत आलंय आणि जुन्या मशीनवरही बऱ्यापैकी चालतं. गेम अडकत असेल तर सेटिंगमध्ये रेंडरिंग रिझोल्यूशन १ एक्स करा. चित्र थोडं फाटकं दिसेल, पण पीएसपीची मूळ स्क्रीनच ४८० बाय २७२ ची होती! नुसती रॅम वाढवून फारसा फरक पडत नाही, प्रोसेसरचा वेग महत्त्वाचा. गोल्ड व्हर्जनला पैसे पडतात, पण फीचर तीच असतात. तो बनवणाऱ्याला दिलेला हातभार समजा.

खरा धोका थ्रीडीएसवाल्यांना आहे. निंटेंडोने युझू बनवणाऱ्यांवर केस केली, मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि त्यांचाच सिट्राही बंद पडला. त्यामुळे 'सिट्रा लेटेस्ट व्हर्जन' देणारी साईट दिसली की लांबच राहा. त्या सेटअपमध्ये काय भरलंय ते कुणी सांगावं? ज्या लॅपटॉपवर बँकेचं लॉगिन आणि आयटीआयची कागदपत्रं आहेत, त्यावर असली फाईल उघडूच नका. सिट्राच्या कोडवरूनच बनलेला अझहार आहे, तो वापरा. बाकीचेही अधिकृत साईटवरूनच घ्या : एमजीबीए डॉट आयओ, पीपीएसएसपीपी डॉट ओआरजी.

आणि हो, इम्युलेटर फुकट म्हणजे गेम फुकट नव्हे. गेमवर कॉपीराइट असतो, नेटवरून उचललेली कॉपी पायरेटेडच. हौशी लोकांनी बनवून मोफत सोडलेले होमब्रू गेम मात्र बिनधास्त खेळा.

मोबाईलवर पीएसपीचा अर्धा गेम झालाय? मोबाईलमधल्या पीएसपी फोल्डरातलं सेव्हडेटा केबलने लॅपटॉपच्या तशाच फोल्डरात टाका, तिथून पुढे सुरू. शिफ्टला पळायच्या घाईत सेव्ह स्टेट मारून उठलात तरी चालेल, पण गेममधला सेव्हही करत जा. इम्युलेटर अपडेट झाला की जुनं सेव्ह स्टेट कधीकधी उघडत नाही.