इंजिनाचा श्वास

नगरहून सोलापूरला निघाले की वाटेत मिरजगाव लागते. कर्जत तालुक्यातले हे बाजाराचे गाव. रस्त्याच्या कडेला चहाची हॉटेले, पंक्चरवाले, आणि जुन्या टायरांच्या ढिगाशेजारी पाने मांडून बसलेले मिस्त्री. कांद्याच्या गोण्या, ज्वारीची पोती, दुधाचे कॅन घेऊन पिकअप गाड्या येथून दिवसरात्र धावत असतात. अशा गावी जुन्या पेट्रोल जीपचा पिकअप करून वापरणारा मालक एखाद्या दिवशी मिस्त्रीला विचारतोच, "हिला टर्बो बसवला तर?" मिस्त्री पान्याने डोके खाजवतो आणि म्हणतो, "बसंल की. पण टिकंल का?"

या 'टिकंल का'च्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि तो फराळाचे ताट पुढ्यात घेऊन वाचण्याइतका रंजक आहे.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो. पण ते खाते त्याहून कितीतरी अधिक पिते, आणि पिते ती हवा. एक किलो पेट्रोल नीट जाळायला सुमारे पंधरा किलो हवा लागते. सात फूट लांब, सात फूट रुंद आणि नऊ फूट उंच कोठीतली सगळी हवा म्हणजे तेवढी होते! तेव्हा इंजिनाची ताकद वाढवायची तर त्याला नुसते पेट्रोल अधिक पाजून भागत नाही. श्वासही मोठा द्यावा लागतो. मुंबईहून निघालेली गाडी सुमारे साडेसहाशे मीटर उंचीच्या नगरला पोचते, तेव्हा हवा सहाएक टक्क्यांनी विरळ झालेली असते. आपल्याच जिल्ह्याच्या कडेला, अकोले तालुक्यात उभ्या असलेल्या १,६४६ मीटर उंच कळसूबाईवर ती आणखी पातळ होते. तिथे गाडी जात नाही हे खरे, पण गेली असती तर धापा टाकीत गेली असती.

इंजिनाची धाप आपल्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारींच्या पाठीवर कोळशाच्या भट्ट्या चढल्या. अर्धवट जळत्या कोळशाचा वायू इंजिनात शिरे तो हवेची जागा अडवून, आणि स्वतः पेट्रोलच्या मानाने अगदी अशक्त. ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहून अधिक घटे. घाटात उतारूंनी खाली उतरून गाडीला खांदा द्यायचा, हा तिकिटात न लिहिलेला करारच होता. पुढे १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरापर्यंत, धावली. कोळशाच्या मोटारींत काजळी खाल्लेल्या लोकांना ती पुष्पक विमानासारखी वाटली असेल तर नवल नाही.

इंजिनाला मोठा श्वास देण्याची युक्ती मात्र त्याआधीच, १९०५ साली, आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअराने पेटंटात लिहून ठेवली होती. इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिच्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा धुरावाटे वाया जातो. ब्यूखी म्हणाला, या धुरावर एक चक्र फिरवा, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला पंखा बसवा आणि त्या पंख्याने ताजी हवा दाबून इंजिनात भरा. फुंकणीवाल्याच्या सुटलेल्या श्वासानेच चूल पुन्हा फुलवावी, तसा हा प्रकार. कल्पना सोपी, पण तापलेल्या धुरात मिनिटाला हजारो फेरे घेऊन न वितळणारे चक्र त्या काळी कोण घडवणार? ब्यूखीला मोठे यश मिळायला वीस वर्षे लागली. जहाजांच्या एका डिझेल इंजिनाची ताकद त्याने १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर नेली.

पेट्रोल इंजिनाची कथा निराळी, आणि मला विचाराल तर अधिक थरारक. पहिल्या महायुद्धात विमाने उंच गेली की त्यांचा दम तुटे. फ्रान्समध्ये ऑगस्त रातो या प्रश्नाशी झुंजत होता. अमेरिकेत ते काम जनरल इलेक्ट्रिकच्या सॅन्फर्ड मॉसकडे आले. मॉसने विमानाचे 'लिबर्टी' इंजिन एका मालट्रकवर बसवले आणि १९१८ साली तो ट्रक कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांच्या शिखरावर चढवला. शिखर म्हणजे अडीच कळसूबाई एकावर एक! खाली ३५० अश्वशक्ती देणारे इंजिन वर जेमतेम २३० वर आले. मग धुराचे चक्र जोडले. काटा ३५६ वर गेला. जमिनीवर होती त्याहूनही सहा अधिक. ट्रकवर बसलेल्या पेट्रोल इंजिनाला टर्बो जोडल्याचा हा जगातला पहिला गाजलेला प्रयोग, आणि तो विमानासाठी झाला ही त्यातली मौज.

पण इंजिनाला श्वास मिळाला म्हणून माणसाला मिळतोच असे नाही. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर श्रोडर हा वैमानिक मॉसचे यंत्र जोडलेले विमान घेऊन ३३,००० फुटांच्या वर गेला. तिथे त्याचा प्राणवायू संपला. काचा पुसण्यासाठी चष्मा वर केला तर डोळ्यांतले पाणीच गोठले. तो बेशुद्ध झाला आणि विमान मैलोगणती खाली कोसळत आले. खालच्या दाट हवेत त्याला कशीबशी शुद्ध आली, आणि जवळजवळ आंधळ्या अवस्थेत त्याने विमान उतरवले. इंजिन मात्र ठणठणीत होते. दुसऱ्या महायुद्धात हेच तंत्र हिंदुस्थानच्या आकाशात आले: १९४४ साली बंगालमधल्या खडगपूरहून जी प्रचंड बी-२९ विमाने हिमालयापलीकडे चीनकडे जात, त्यांच्या चारही इंजिनांना प्रत्येकी दोन टर्बो होते.

मोटारीत हे यंत्र आले १९६२ साली, आणि येथेच आमच्या मिस्त्रीचा प्रश्न उभा राहतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल एकत्रच दाबले जातात. दाब वाढला की उष्णता वाढते, आणि ठिणगी पडल्यावर ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा राहिलेला भाग आपोआप भडकतो. टक्‌टक्‌ असा हातोडीचा आवाज येतो. आमचे लोक म्हणतात, 'इंजिन ठोकायला लागलं.' असे ठोकत राहिले तर पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. ओल्डस्मोबिलच्या 'जेटफायर' मोटारीत यावर तोड काढली होती ती अशी, की मिथेनॉल आणि पाणी यांचे मिश्रण एका बाटलीत भरून ठेवायचे. इंजिनावर जोर पडला की ते आत फवारले जाई आणि आतली आग थंड राही. तोड नामी होती, पण बाटली भरायची कोणी? मालक विसरू लागले. बाटली रिकामी झाली की ताकद आपोआप कमी व्हावी अशी सोय होती, पण त्यामुळे तक्रारीच वाढल्या. अखेर १९६५ मध्ये कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखवली, आणि पुष्कळांनी ती स्वीकारली.

त्याच सुमारास इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीयंत्रांच्या कंपनीने आपल्या 'स्काउट' या जीपवजा गाडीला टर्बो दिला. हिचा पिकअपही मिळे. लहानसे चार सिलिंडरांचे इंजिन ९३ वरून १११ अश्वशक्तीवर गेले. मिरजगावच्या मालकाच्या मनातली गाडी हीच! पण थोड्याच वर्षांत कंपनीने टर्बो सोडून सरळ मोठे इंजिन घातले. स्वस्तही आणि बिनकटकटीचेही. १९९१ मध्ये जीएमसीने 'सायक्लोन' नावाचा २८० अश्वशक्तीचा टर्बो पिकअप काढला. तो शर्यतीच्या मोटारींना मागे टाकी. भार मात्र पाचशे पौंडच वाही. म्हणजे कांद्याच्या चार-साडेचार गोण्या! नगरच्या मार्केटातल्या हमालांनी त्याला पाहून काय म्हटले असते, ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

आपल्याकडे लष्करासाठी जबलपूरला बनवलेले निस्सानचे एक-टनी ट्रक आणि 'जोंगा' पेट्रोलवरच चालत. लडाखच्या खार्दुंग खिंडीत हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्केही भरत नाही. तिथे यांची काय दमछाक होत असेल ते पाइक्स पीकच्या आकड्यांवरून समजावे. नागरी पिकअपांत तर पेट्रोल मागेच पडले. डिझेल स्वस्त होते, आणि डिझेल इंजिनात नुसती हवाच दाबली जाते, इंधन शेवटी येते. त्यामुळे ठोकण्याचे ते भय नाही, धूरही त्या मानाने थंड. टर्बो आपल्या रस्त्यांवर आला तो डिझेलचा हात धरून. पेट्रोलला तो मानवला संगणकाने ठिणगी आणि इंधन क्षणाक्षणाला मोजायला सुरुवात केल्यावर. २०१४ मध्ये टाटांची 'झेस्ट' आली. २०२० मध्ये नाशिकला बनणाऱ्या महिंद्रांच्या 'थार'ला १५० अश्वशक्तीचे दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन मिळाले. एकेकाळी मुंबईत जुळवल्या जाणाऱ्या विलिस जीपची ही नात. आजीच्या इंजिनाची ताकद हिच्या निम्मीच होती.

जुन्या जीपला टर्बो लावणाऱ्याने म्हणून नुसता टर्बो विकत घेऊन भागत नाही. त्याला तेलाची जाणारी आणि येणारी नळी हवी, दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलणारा पंप हवा, जादा धूर बाजूला सोडणारी झडप हवी, ठिणगी थोडी उशिरा पडायला हवी, आणि दाबलेली हवा थंड करणारी जाळी असेल तर उत्तम. यातले एक चुकले की पिस्टन. जुन्या जीपचे मिश्रण मुळात कमी दाबले जाते, एवढीच काय ती जमेची बाजू.

आणखी एक जमेची बाजू अलीकडे आली आहे, ती आपल्या उसाच्या शेतातून. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले, तेव्हा मळीचा असा उपयोग कोणाच्या ध्यानी असेल? आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते. इथेनॉल ठोकणे रोखते आणि सिलिंडरात जाताना हवा थंडही करते. जेटफायरच्या मालकांनी जी बाटली भरायचा कंटाळा केला, ती आता टाकीतच मिसळून येते. मात्र त्याच्या एका लिटरात पेट्रोलच्या दोन तृतीयांशच उष्णता असते, आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्याने खराब होतात. तेव्हा मिस्त्री आधी नळ्या बदलायला सांगतो, मग टर्बोचे बघू म्हणतो.