उतारावर लावलेला ट्रॅक्टर

कोपरगावच्या सपाट रानात जुना ट्रॅक्टर कुठे उभा आहे ते बघा. अंगण मोकळं असतं, पण ट्रॅक्टर कालव्याच्या भरावावर, तोंड उताराकडे. सकाळी ब्रेक सोडला, गिअर टाकून क्लच सोडला की चालू. बॅटरी उतरलेली असली तरी चालतं, कारण डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं इंधन पेटतं. म्हणूनच किल्ली फिरवून ते बंदही होत नाही, स्टॉपर ओढावा लागतो. मग ‘इग्निशन की’ कसली? ते नाव पेट्रोल गाड्यांचं. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये सेल्फ, दिवे आणि ठिणगी एकाच बॅटरीवर आली. आपल्या ट्रॅक्टरपर्यंत येता येता ठिणगी गळाली, नाव राहिलं.

१९६१ मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली, १९६३ मध्ये महिंद्रानं इंटरनॅशनल हार्वेस्टरशी ट्रॅक्टरसाठी हात मिळवला. गोदावरीच्या कालव्यांवर ऊस होताच. त्या काळच्या ट्रॅक्टरवर डायनामो असे. लुकासचा सी-४० हा गाजलेला डायनामो जोरात फिरला तर २२ अँपिअर द्यायचा. ‘जोरात फिरला तर’ यातच सगळी गोम आहे.

इंजिन हळू असलं की डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा कमी पडतो. जोडणी तशीच राहिली तर करंट उलटा वाहील आणि बॅटरीच डायनामोला मोटरसारखी ओढेल. म्हणून रेग्युलेटरच्या डबीत कटआउट असतो: दाब पुरेसा झाला की पट्टी चिकटते, कमी झाला की सुटते. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचं एक टोक किल्लीतून बॅटरीला, दुसरं डायनामोला. दोन्हीकडे दाब सारखा झाला की दिवा विझतो. एवढा स्वस्त आणि खरा एरर मेसेज आम्ही सॉफ्टवेअरवाल्यांनी क्वचितच लिहिला असेल.

आता हंगामातली रात्र घ्या. कारखान्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, इंजिन मंद, टेप चालू. ४५ वॅटचे दोन हेडलाइट म्हणजे बारा व्होल्टवर साडेसात अँपिअर. कटआउट सुटलेला, म्हणजे सगळा खर्च बॅटरीतून. क्रायस्लरनं १९६० च्या व्हॅलियंटमध्ये दिलेल्या आल्टरनेटरनं हे दुखणं बरंच कमी केलं: तो मंद इंजिनवरही चार्ज करतो, आणि उलटा करंट डायोड अडवतो, कटआउट लागत नाही. पण जुन्या ट्रॅक्टरवर नुसता आल्टरनेटर बसवून भागत नाही. जुना रेग्युलेटर काढावा लागतो, जाड वायर ओढावी लागते. वायरमन घाईत असला की जुनीच वायर ठेवतो, आणि ती तापते.

या सगळ्यात सगळ्यात आधी मरते ती ट्रॉलीची टेललाइट. मागेपुढे दोन ट्रॉल्या, जोडाजवळ हिसके खाणारी वायर, गंजलेला अर्थ. दिवा लागत नाही म्हणून ट्रॅक्टर अडत नाही, ऊसही पोचतो. मागून येणाऱ्या मोटरसायकलला मात्र अंधारात उसाची भिंत दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात ते यासाठीच. त्यालाही मागच्या गाडीचा उजेड लागतो, आणि त्यावरची धूळ कुणीतरी पुसावी लागते.